व्हॅली ऑफ फ्लॉवर्समधील एक दिवस : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातील व्हॅली ऑफ फ्लॉवर्स राष्ट्रीय उद्यानात जाण्याची इच्छा असणारे बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो 'चढ किती आहे?' हा. माझ्या मते त्याआधी 'वेळ किती मिळतो?' हे विचारायला हवे. सुमारे ८७.५ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात रस्ता नाही, राहण्याची सोय नाही, तंबू ठोकण्याची परवानगी नाही आणि चहाची टपरीही नाही. सकाळी सातच्या सुमारास वन विभागाच्या चौकीवरून आत जायचे आणि संध्याकाळी पाचच्या आत बाहेर यायचे, एवढाच काय तो अवधी. त्यातले चार-पाच तास जाण्यायेण्यातच जातात. म्हणून या लेखातील प्रत्येक पायरी शेवटी एकाच गोष्टीसाठी आहे, ती म्हणजे दरीत प्रत्यक्ष फुलांजवळ घालवायला जास्तीत जास्त वेळ उरावा.

१. आधी महिना ठरवा, मग तारीख

उद्यान साधारणपणे १ जून ते ३१ ऑक्टोबर या काळात खुले असते, परंतु या पाच महिन्यांत दरी वेगवेगळ्या रूपांत दिसते आणि घरातून निघताना यांपैकी कोणते रूप पाहायचे आहे हे ठाऊक असले पाहिजे. जूनमध्ये ओढ्यांवर आणि वाटेवर बर्फाचे पट्टे असतात, पाऊस कमी असतो, शिखरे स्वच्छ दिसतात. मात्र फुले तुरळक असतात आणि तीही बर्फ वितळलेल्या कडांना चिकटून उगवलेली ठेंगणी फुले. जुलैचा मध्य ते ऑगस्टचा मध्य हा खरा बहर. या काळात सर्वाधिक जाती एकाच वेळी फुललेल्या असतात आणि नेमका याच काळात पाऊसही सर्वाधिक असतो. ऑगस्टच्या उत्तरार्धात उंच वाढणाऱ्या गुलाबी तेरड्याचे राज्य सुरू होते, तर सप्टेंबरमध्ये आकाश मोकळे होते, पाने तांबूस-पिवळी पडू लागतात आणि बहुतेक फुलांच्या जागी बिया आलेल्या असतात.

सर्वांत मोठा सापळा इथेच आहे. पावसाची भीती वाटते म्हणून लोक जूनचा पहिला आठवडा किंवा ऑक्टोबर निवडतात आणि मग 'फुले कुठे आहेत?' असे विचारत परततात. फुले हवी असतील तर पाऊस स्वीकारावा लागतो. कोरडे कपडे आणि भरगच्च बहर या दोन्ही गोष्टी एकाच सहलीत मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. ज्यांना पावसात चालणे अजिबात सोसत नाही त्यांनी सप्टेंबरचा उत्तरार्ध निवडावा, कारण त्या वेळी फुले कमी असली तरी डोंगर दिसतात.

२. घांघरियापर्यंतचे दिवस नीट मोजा

दरीचा दिवस सुरू होतो तो घांघरियातून. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,०५० मीटर उंचीवरील ही लहानशी वस्ती हंगामापुरतीच जागी असते. तिथवर गाडी जात नाही. ऋषिकेशहून देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग, चमोली, जोशीमठ असा सुमारे २७० किलोमीटरचा प्रवास करून गोविंदघाट गाठावे लागते. नकाशावर हे अंतर एका दिवसाचे दिसते आणि सर्व काही सुरळीत असेल तर एका दिवसात होतेही. पण पावसाळ्यात या रस्त्यावर दरडी कोसळतात आणि वाहतूक तासन्‌तास, कधी दिवसभर, थांबते. शिवाय डोंगरी रस्त्यांवर रात्रीच्या वाहतुकीवर निर्बंध असतात, त्यामुळे 'उशीर झाला तर रात्रीतून पोहोचू' हा हिशेब इथे चालत नाही. जाताना पिपलकोटी किंवा जोशीमठ येथे मुक्काम करावा आणि संपूर्ण आखणीत किमान एक दिवस मोकळा ठेवावा. ज्या दिवशी आपण ऋषिकेशला पोहोचणार, त्याच संध्याकाळचे परतीचे विमान किंवा रेल्वे ठरवू नये.

गोविंदघाटहून पुलनापर्यंत सुमारे चार किलोमीटर सामायिक जीप मिळते. पुलनापासून घांघरिया साधारण दहा किलोमीटर असून ही वाट बांधीव, रुंद आणि सतत चढती आहे. हेमकुंड साहिबला जाणारे शीख यात्रेकरू याच वाटेने जातात, त्यामुळे वाटेत खाण्यापिण्याची दुकाने आहेत, खेचरे आहेत आणि पाठीवरच्या टोपलीत माणूस वाहून नेणारे कंडीवालेही आहेत. सामान्य चालीने पाच ते सहा तास लागतात. हवामान चांगले असल्यास गोविंदघाट ते घांघरिया हेलिकॉप्टर सेवाही मिळते, पण पावसाळ्यात तिच्या भरवशावर बेत आखणे शहाणपणाचे नाही. पुलनाहून दुपारी बाराच्या आत चालायला लागावे. अंधार पडल्यावर घांघरियात शिरणाऱ्यांना बहुधा उरल्यासुरल्या ओलसर खोल्यांवर समाधान मानावे लागते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठण्याची उमेद तिथेच संपते.

३. परवाना आणि कागदपत्रे

उद्यानाचा प्रवेश परवाना घांघरियाच्या पुढे थोड्याच अंतरावरील वन विभागाच्या चौकीवर मिळतो. आता विभागाने ऑनलाइन नोंदणीचीही सोय केली आहे. भारतीयांसाठी शुल्क दोनशे रुपयांच्या आसपास असते आणि परदेशी नागरिकांसाठी त्याच्या काही पट. दर बदलत असल्याने निघण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावेत. चौकीवर तुमचे नाव नोंदवहीत लिहिले जाते आणि संध्याकाळी कोण परतले, कोण नाही, हे त्याच नोंदीवरून कळते. म्हणून बाहेर पडतानाही नोंद करायला विसरू नका. घाईत तसेच निघून गेलेल्या माणसाची शोधाशोध करण्याची वेळ कर्मचाऱ्यांवर येऊ शकते.

सोबत ठेवायची कागदपत्रे अशी :

- छायाचित्र असलेले मूळ ओळखपत्र आणि त्याच्या दोन छायाप्रती, प्लॅस्टिकच्या पाकिटात;
- ऑनलाइन परवाना काढला असल्यास त्याची छापील प्रत, कारण घांघरियात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही;
- हेमकुंड साहिबलाही जायचे असल्यास उत्तराखंड पर्यटन विभागाच्या संकेतस्थळावरील यात्रा-नोंदणी;
- रोख रक्कम. घांघरियात एटीएम नाही. पुरेसे पैसे जोशीमठातच काढून घ्यावेत. मोबाइलवरून पैसे देण्याची सोय रेंजवर अवलंबून असते आणि रेंज ढगांवर.

४. पाठपिशवीत काय असावे

या दिवसासाठी मोठी पाठपिशवी लागत नाही. वीस-पंचवीस लिटरची पुरते. मात्र आत जे असेल ते पाण्यापासून सुरक्षित असले पाहिजे. पिशवीवरचे आवरण जोरदार पावसात अपुरे पडते, म्हणून आतून एक जाड प्लॅस्टिकची मोठी थैली लावून त्यात सर्व वस्तू ठेवाव्यात. पिशवीसकट अंग झाकणारा पोंचो हा रेनकोटपेक्षा सोयीचा, तर छत्री अरुंद वाटेवर जवळपास निरुपयोगी. जीन्स आणि सुती कपडे टाळावेत. ते एकदा भिजले की दिवसभर अंगाला गारठा देत राहतात. लवकर सुकणारी पँट, सुती नसलेला टीशर्ट, एक पातळ लोकरी किंवा फ्लीसचा थर आणि मोज्यांचा कोरडा जोड एवढे पुरे. चालताना घाम येतो, परंतु थांबल्यावर पाच मिनिटांत थंडी वाजू लागते, त्यामुळे हा थर वर हाताशी असावा, तळाशी नव्हे.

बूट घोट्यापर्यंतचे आणि खोल खाचांच्या तळव्याचे असावेत. ते नवे कोरे नसावेत, हे सांगितले तरी दर हंगामात कोणीतरी पायाला पट्ट्या बांधून बसलेले दिसतेच. चालण्याची काठी घांघरियात किंवा पुलनाला विकत मिळते. उतारावर गुडघ्यांना तिचा खरा उपयोग होतो. दुपारचे जेवण घांघरियातील ढाब्यावर आदल्या रात्रीच सांगून ठेवावे, म्हणजे सकाळी सहाला पराठे बांधून मिळतात. दीड ते दोन लिटर पाणी, सुका मेवा, रोजची औषधे, फोडांसाठीच्या पट्ट्या, शिटी आणि कचऱ्यासाठी एक रिकामी थैली एवढे घेतले की पिशवी बंद करावी. आत नेलेला प्रत्येक कागद परत आणायचा आहे.

५. सात वाजता चौकीवर उभे राहा

घांघरिया ओलांडले की थोड्याच अंतरावर फाटा येतो. उजवीकडील रुंद वाट हेमकुंडला जाते आणि डावीकडील अरुंद वाट दरीकडे. सकाळच्या गर्दीत पुढच्याच्या मागोमाग चालत हेमकुंडच्या वाटेला लागणारे असतात, म्हणून फलक वाचून वळावे. खेचरांना दरीत प्रवेश नाही. ज्यांना चालणे शक्य नाही त्यांनी कंडीवाल्याशी आदल्या दिवशीच बोलून दर ठरवावा.

साडेसहाला निघून सातला चौकीवर पोहोचण्याचा आग्रह मी का धरतो, याची दोन कारणे आहेत. पहिले हवामानाचे. पावसाळ्यात दरीतील सकाळ अनेकदा त्यातल्या त्यात मोकळी असते; दुपारकडे खालून ढग चढत येतात आणि समोरचा उतारही दिसेनासा होतो. दुसरे पाण्याचे. बर्फावरून येणारे ओढे सकाळी शांत असतात आणि दिवस तापला किंवा पाऊस वाढला की फुगतात. जो नऊला चौकीवर येतो तो दरीत शिरतो तेव्हा ढगही शिरलेले असतात. चौकीवर दुपारपर्यंत प्रवेश मिळतो खरा, पण त्या वेळी आत जाऊन पाहण्यासारखे फारसे हाती लागत नाही.

६. पुलाच्या पुढचा चढ

चौकीनंतरची वाट प्रथम जंगलातून हळूहळू पुष्पावती नदीकडे उतरते. या सावलीत खाली मान घालून चालावे, कारण फणा काढलेल्या नागासारखे दिसणारे कोब्रा लिलीचे फूल इथेच भेटते. सह्याद्रीतील सापकांदा ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही भाऊबंदकी लगेच ओळखू येईल. नदीवरचा पूल ओलांडला की दिवसातील एकमेव खडा चढ सुरू होतो. दगडांनी बांधलेली ही वाट भूर्जवृक्षांच्या रानातून नागमोडी वर जाते. राजगडासारखा किल्ला चढून-उतरून येणाऱ्याला ती लांबीने जड वाटणार नाही. जड वाटते ती उंची. तीन हजार मीटरच्या वर प्राणवायू विरळ असतो, त्यामुळे पहिल्या पंधरा मिनिटांत दम लागला तर तो प्रकृतीचा दोष समजू नये. बोलता येईल इतक्याच वेगाने चालावे आणि मोठा थांबा घेण्याऐवजी अनेक छोटे थांबे घ्यावेत.

या टप्प्यात दोन ठिकाणी सावधगिरी हवी. वरून दगड येण्याचा धोका असलेले उघडे पट्टे दिसले की तिथे छायाचित्रासाठीही थांबू नये. आणि जून-जुलैत वाटेवर बर्फाचा पट्टा आडवा आला तर आधीच्या पावलांच्या खुणांवरच पाऊल ठेवावे. त्याच्या कडेला जाऊ नये, कारण खालून वाहणाऱ्या पाण्याने कडा पोकळ झालेल्या असतात.

डोके दुखणे, मळमळ, चालताना तोल जाणे ही लक्षणे दिसू लागली तर पुढे जाऊ नये. तोल जात असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर विश्रांतीची वाट न पाहता खाली उतरणे हाच उपाय आहे आणि त्या व्यक्तीला कधीही एकटे पाठवू नये.

७. दरीत शिरल्यावर काय पाहायचे

चढ संपतो आणि समोर सुमारे आठ किलोमीटर लांब, दोन किलोमीटर रुंद अशी दरी उघडते. इथे अनेकांची पहिली प्रतिक्रिया किंचित निराशेची असते, आणि त्याला कारण मोबाइलवर पाहिलेली छायाचित्रे आहेत. कासच्या पठारावर सप्टेंबरमध्ये एकाच रंगाचा गालिचा दिसतो. इथे तसे नसते. दूरवरून दरी हिरवीच दिसते. रंग दिसतात ते गवताच्या उंचीवर डोळे नेले की. वाटेच्या कडेच्या एका हातभर जागेत निळसर-जांभळे जिरेनियम, पिवळे पोटेंटिला, पांढरे ॲनिमोन आणि पानाआड दडलेले एखादे ऑर्किड अशी चार-पाच फुले एकत्र सापडतात. उद्यानात सुमारे पाचशे सपुष्प वनस्पतींची नोंद झालेली आहे, तेव्हा वीस पावलांवर एकदा गुडघ्यावर बसणारा माणूस चार किलोमीटर धावत जाणाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक पाहून येतो. पाऊस पडून गेल्यावर जिरेनियमच्या पाकळीवर पाण्याचा थेंब थांबतो आणि त्यातून पाकळीच्या गडद शिरा मोठ्या होऊन दिसतात. हे पाहायला भिंग लागत नाही, थांबावे मात्र लागते.

ब्लू पॉपी हे इथले सर्वांत शोधले जाणारे फूल. ते मऊ कुरणात नव्हे, तर खडकांच्या फटींत आणि घसरड्या दगडी उतारांवर येते. फिकट निळ्या, ओल्या कागदासारख्या पातळ पाकळ्या आणि देठावर बोचरे केस ही त्याची ओळख. ते दिसले तरी त्याच्यासाठी वाट सोडून उतारावर चढू नये. ब्रह्मकमळाबाबत मराठी घरांतून हमखास गोंधळ होतो : आपल्या गॅलरीत रात्री उमलणारे फूल हे निवडुंगाच्या कुळातील आहे, तर हिमालयातील ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातील असून त्याची पिवळट, पारदर्शक पाने फुलाला कंदिलासारखी वेढून असतात. ते अधिक उंचीवर वाढते, त्यामुळे दरीच्या मुख्य वाटेवर ते शोधत बसू नये. हेमकुंडच्या वाटेवर शेवटच्या टप्प्यात ते सहज दिसते.

ऑगस्टमध्ये वाटेच्या दोन्ही बाजूंना खांद्यापर्यंत, कधी डोक्यावर जाणारा गुलाबी तेरडा लागतो. त्याच्याबरोबरच पांढऱ्या तुऱ्यांची, दाट वाढणारी एक झुडपासारखी वनस्पती दिसते. स्थानिक लोक तिला 'अमेला' म्हणतात. ती वेगाने पसरून ठेंगण्या फुलांची जागा घेते, म्हणून वन विभाग दरवर्षी ती उपटण्याची मोहीम घेतो. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यावर इथली मेंढ्यांची चराई बंद झाली आणि त्यानंतर उंच वनस्पतींना मोकळे रान मिळाले, असे काही अभ्यासकांचे मत आहे. संरक्षण म्हणजे माणसाला आणि जनावराला बाहेर काढणे, एवढे सरळ समीकरण इथे लागू पडत नाही, असे मलाही वाटते. पण तो वाद वेगळा आणि मोठा आहे.

मुख्य वाटेने पुढे गेल्यावर डावीकडे एका फाट्याने जोन मार्गारेट लेग यांच्या समाधीकडे जाता येते. १९३१ मध्ये कामेत शिखर सर करून परतणारे ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइद आणि त्यांचे सहकारी या दरीत उतरले आणि तेव्हापासून बाहेरच्या जगाला तिची ओळख झाली. त्यानंतर वनस्पती गोळा करायला आलेल्या लेग १९३९ मध्ये इथेच उतारावरून पडून मृत्युमुखी पडल्या. समाधीच्या आसपासचा भाग जेवणासाठी योग्य आहे. तिथून पुढे नदीच्या पात्रापर्यंत जाता येते आणि त्या वाळू-दगडांत ठेंगण्या, गडद गुलाबी एपिलोबियमचे ताटवे दिसतात. मात्र पात्र गाठायचेच असा हट्ट धरू नये. बहुतेकांना अर्धी दरीच पुरते.

प्राण्यांची अपेक्षा ठेवून जाऊ नये. कस्तुरीमृग आणि काळे अस्वल या भागात आहेत, पण दिवसा वाटेवर ते क्वचितच दिसतात. जंगलाच्या टप्प्यात एकट्याने पुढे पळू नये, एवढी दक्षता पुरे. मोनाल पक्षी मात्र सकाळी शांतपणे चालणाऱ्याला दिसू शकतो.

फूल तोडणे, रोप उपटणे, बी गोळा करणे या सर्व गोष्टी कायद्याने निषिद्ध आहेत. त्याहून नकळत होणारे नुकसान म्हणजे छायाचित्रासाठी गवतात जाऊन बसणे. एकाने बसून दबलेली जागा दुसऱ्याला 'बसायची जागा' वाटते आणि हंगामाच्या अखेरीस तिथे उघडी माती उरते. छायाचित्र वाटेवरूनच काढावे.

८. दुपारी एकला वळा

तुम्ही कुठेही असा, दुपारी एक वाजता परतायला लागा. मोकळे आकाश असले तरीही. समाधीपासून घांघरियाला उतरायला अडीच ते तीन तास लागतात, त्यात ओल्या दगडांवरचा उतार हा चढापेक्षा हळू जातो आणि घसरून पडण्याचे प्रसंग बहुधा याच टप्प्यात येतात. ओढा फुगलेला दिसला तर उडी मारून ओलांडू नये. फळी नसेल तर थांबावे, इतरांना येऊ द्यावे आणि एकमेकांचा हात धरून पार व्हावे. गटातील सर्वांत हळू चालणारी व्यक्ती पुढे आणि वाटेची सवय असलेली व्यक्ती मागे, अशी रचना उतारावर चांगली चालते.

घांघरियात परतल्यावर बूट खोलीत तसेच टाकू नयेत. आतले तळवे काढून वर्तमानपत्राचे बोळे भरावेत आणि तासाभराने बदलावेत. चुलीजवळ ठेवलेल्या बुटांचा डिंक सुटतो.

९. हेमकुंड दुसऱ्या दिवशीच

एकाच दिवसात दरी आणि हेमकुंड दोन्ही उरकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. हेमकुंड साहिब चार हजार तीनशे मीटरच्या वर आहे आणि घांघरियापासूनचा सहा किलोमीटरचा चढ सलग खडा आहे. आधी दरी, मग हेमकुंड हा क्रम ठेवल्यास शरीराला उंचीची सवय होण्यासाठी एक दिवस मिळतो. तिथे रात्रीच्या मुक्कामाची सोय नाही आणि दुपारी सर्व यात्रेकरूंना खाली परतावे लागते, म्हणून घांघरियातून पहाटे पाचलाच निघावे. वर लंगरमध्ये गरम चहा आणि खिचडी मिळते, त्यामुळे त्या दिवशी पाठपिशवीत जेवण नेण्याची गरज नाही.